यू

शुक्रवारी चारच्या फेरीने मी चोडणला जायची.
पाद्री आवेर्तान व्हरांड्यात पेज संपवत बसलेले.
मकावला एकतीस वर्षं काढून आलेले,
आणि मी शाळेत विभक्ती शिकवून निवृत्त.
अडीच हजार वर्षांपूर्वीची चिनी शिकायची होती मला.
का, ते दोघांनीही कधी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी म्हणाले, शब्द दोन जातींचे,
भरलेले आणि रिकामे.
डोंगर, घोडा, रडणे, राजा : भरलेले.
रिकाम्यांना अर्थ नसतो, काम असतं.
मी म्हटलं, आमच्यात त्यांना अव्यय म्हणतात,
ज्यांचा व्यय होत नाही.
ते हसले. पेजेचा थेंब दाढीवर.

पाटीवर लिहिलं : जखमी करणे, वाघ.
म्हणजे कुणीतरी वाघाला जखमी केलं.
मग दोहोंच्या मधे एक अक्षर ठेवलं. यू.
आता वाघ धडधाकट,
रक्त दुसऱ्याचं.

तोच यू गावात, तोच गावाला, तोच गावाहून.
भावापेक्षा उंच, तिथेही यू.
मी वैतागले. पंचमीला सप्तमीपासून सोडवण्यात
माझी हयात गेली होती.
त्यांनी काठी उचलली, मला खाजनावर नेलं.
शाणू मानशेकार फळ्या ओढत होता.
(मानस म्हणजे बांधातलं दार; मन नव्हे,
जरी मला क्षणभर तसंच ऐकू आलं.)
भरतीला खारं पाणी इथूनच आत,
ओहोटीला इथूनच बाहेर.
"दार एकच," पाद्री म्हणाले, "पाण्याला विचार."
"उदकाक न्हय, चंद्राक," शाणू म्हणाला,
आणि जाळ्यातलं काळुंदर टोपलीत टाकलं.

यी म्हणजे 'ने'. पण त्याआधी ते क्रियापद होतं, घेणे.
कुऱ्हाडीने तोडलं, म्हणजे कुऱ्हाड घेऊन तोडलं.
हात झिजला, मूठ राहिली.
फेरीत परतताना मला आपलं 'म्हणून' आठवलं.
कुणीतरी एकदा खरंच काही म्हणालं असणार.

गेल्या कार्तिकापासून त्यांची नावं गळू लागली.
आधी मकावच्या गल्ल्यांची, मग पोदेराचं,
मग माझं. मग 'पेज'.
बहीण एर्मेलिंडा सांगते, काय मागतात कळत नाही :
"त्याच्या... वर. आतून. तिच्या... बरोबर."
ती कपाट उघडते, खिडकी लावते,
उशी देते, पाणी देते.
ते मान हलवतात. "पासून," म्हणतात, "पासून."

या शुक्रवारी मी पाटी पुढे केली.
खडू बराच वेळ नुसता धरून बसले,
मग एकच अक्षर काढलं, फराटे अगदी क्रमाने.
आधी काही नाही, नंतर काही नाही.
आणि माझ्याकडे बघत राहिले,
शिक्षक उत्तराची वाट बघतो तसे.

मला उत्तर आलं नाही.
पाटी न पुसता भिंतीला टेकवली.
उठताना सवयीने म्हटलं, "येते."
जाताना आपण येते म्हणतो;
इतक्या वर्षांत मी ते कधी
फळ्यावर लिहिलं नव्हतं.