दार जरा उचलून उघड

पुसेलेत्सो,
किल्ली उजवीकडे फिरव, पण त्याआधी
दाराला खांदा लावून ते जरा वर उचल.
बिजागरी माझ्याही आधीपासून रुसलेली आहे.

तू मासेरूहून आलीस, तीन वह्या भरून पाठांची टाचणं घेऊन.
काल रात्री कंदिलाशी बसून सगळी वाचली. छान आहेत.
पहिला आठवडा मात्र त्यातून काढून टाक.
पहिल्या आठवड्यात नुसती नावं शिक.

तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसते ती मोसेलांचा.
अर्थ तुला सांगायला नको: कुत्र्याचं शेपूट.
हजेरी घेताना हसू येईल. गिळून टाक.
तिच्याआधीची दोघं चालायला लागण्याआधीच गेली,
म्हणून हिला हे नाव,
की मरणाने दारातून डोकावलंच तर म्हणावं,
इथे काय, कुत्रं आहे नुसतं,
आणि पुढच्या वाडीला जावं.
ते नाव मोठ्याने घे. पूर्ण घे.
राणीचं घ्यावं तसं.

गारा पडू लागल्या की या पत्र्याखाली
तुझा शब्द तुलाच ऐकू येणार नाही.
मी अकरा वर्षं ओरडले गारांवर.
घसा गेला, गारा तशाच.
आता खडू ठेवते आणि खिडकीशी जाऊन उभी राहते,
हळूहळू पोरं भोवती जमतात,
कुणाचा तरी ओला घोंगडीचा कोपरा माझ्या हाताला लागतो.
टाचणात हे कुठे लिहायचं, मला अजून कळलेलं नाही.

आणि 'समजलं का?' असं विचारू नकोस.
सगळे हो म्हणतात.
मीसुद्धा इन्स्पेक्टरसाहेबांना हो म्हणायचे.

कधीतरी 'मला माहीत नाही' म्हणून बघ.
पहिल्यांदा म्हणशील तेव्हा वर्ग इतका गप्प होईल
की बाहेर चुलीवर मक्याची उकड रटरटताना ऐकू येईल.
घाबरू नकोस. ते तुझ्याकडे पाहत नसतात,
प्रश्नाकडे पाहत असतात.

आता एक गोष्ट, जी मी कुठल्याच अहवालात लिहिली नाही.

माझं दुसरं वर्ष. त्लाली नावाचा मुलगा.
भाऊ मेंढरांमागे गेला तरच हा शाळेत, नाहीतर हा मेंढरांमागे.
रोज उशीर. गमबूट भरून चिखल, अंगाला कोकराचा वास.
शिस्त म्हणजे काय ते मला नुकतंच शिकवलं होतं कॉलेजात,
नवी कोरी होती माझी शिस्त, वापरायची घाई होती.
मी दार लावून घेतलं. चार दिवस.
पाचव्या दिवशी तो आलाच नाही.

शनिवारी शाळेमागे सरपणाला गेले
तर भिंतीवर, खिडकीच्या बरोबर खाली,
जळक्या काटकीने लिहिलेलं:
तीनशे त्र्याण्णव भागिले सात.
माझ्याच फळ्यावरचं गणित, आतल्या एकालाही न सुटलेलं.
पायरीपायरीने, कुठे खाडाखोड नाही.
उत्तर छप्पन्न.
बाकी एक.

त्या 'एक'खाली त्याने दोन रेघा ओढल्या होत्या.

पावसाने ते केव्हाच धुतलं.
त्लालीचं कुणी म्हणतं खाणीवर गेला, कुणी म्हणतं
तिकडे दऱ्यांपलीकडे दुसऱ्याची मेंढरं राखतो.
मी दोनदा शोधायला गेले. दोनदाच.
आणखी जायला हवं होतं.

असो. शेणी शेडमध्ये रचून ठेवल्यात, जुलैपर्यंत पुरतील.
निळ्या डब्यात खडू, आखूड तुकडे टाकू नकोस,
लहान बोटांना तेच बरे पडतात.
हजेरी झाल्यावरही दार लोटून घेऊ नकोस.
थंडी येईल आत. येऊ दे.
थंडीमागून कोण येतंय
ते बघायला मान जरा तिकडे असू दे.

आणि हो, बंद करतानाही उचलूनच बंद कर.