दोन बोटांची फट

नवी पेठेतल्या दुकानात सायकली छताला टांगलेल्या.
त्यानं कार्बनची एक करंगळीवर उचलून दाखवली,
"बघा ताई, नुसती हवा आहे."
मला हवा नको होती.
मला रविवारी पहाटे निघून
बार्शी रोडवर डांबर असेल तोवर डांबर,
मग मुरूम,
मग नान्नजच्या अंगाची ती पाणंद,
दोन चाकोऱ्या आणि मधे गवताची शेंडी,
एवढं सगळं एकाच सायकलवर हवं होतं.
"मग दोन घ्या की."
रक्तपेढीतल्या पगारात दोन!

टायर दाखवले. अठ्ठावीस, बत्तीस, अडतीस, बेचाळीस.
मला सुताचे काउंट आठवले.
तिथं आकडा चढला की सूत बारीक होतं,
इथं उलटं.
साच्यांच्या घरात वाढलेल्या मुलीला
हे कळायला आठवडा लागला.

गेल्या भाद्रपदात जुनी सायकल काळ्या रानात अडकली होती.
ती माती चाकावर थापत जाते, चिमट्यात भरते,
आणि चाक फिरायचंच थांबतं.
दीड किलोमीटर खांद्यावर वाहिली.
बांधावरच्या मेंढक्यानं विचारलं,
"कोण कुणावर बसतंय?"

शेवटी नान्नांना घेऊन गेले.
वडिलांना आम्ही घरी नान्ना म्हणतो,
नान्नजचा त्याच्याशी काही संबंध नाही.
अशोक चौकामागं दस्तगीरची शेड,
आत स्टीलची एक फ्रेम, मातकट हिरवी,
सांध्यांवर पितळेचा पिवळा ओघळ, घासायचा राहिलेला.
छत्तीस वर्षं साचे चालवून नान्नांचे कान गेलेत.
त्यांनी वरच्या नळीवर तळहात ठेवला
आणि दस्तगीरला खूण केली, ठोक.
पाना वाजला. मी ऐकलं ते एवढंच, टण्ण.
त्यांनी काय ऐकलं माहीत नाही,
हात बराच वेळ काढला नाही.
मग बहिरी माणसं बोलतात तसं, अख्ख्या गल्लीला:
"हे थरथर पोटात घालतंय!
साच्याखाली असलं काही असतं तर…"
पुढचं बोलले नाहीत.

वजन साडेअकरा किलो. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही.
"गंजतंय की हे," मी म्हटलं.
दस्तगीर म्हणाला, "गंज दिसतो तरी, ताई.
कार्बन न सांगता जातं.
आणि हे मोडलं तर मार्डीतला ट्रॉलीवाला पण जोडून देईल,
वाकडं देईल, पण देईल."

नान्ना तेवढ्यात खाली बसले होते,
टायर आणि चिमट्याच्या मधे बोटं घालून.
"दोन बोटं पाहिजेत," ते ओरडले,
"माझी! तुझी नाहीत!"
बेचाळीसचा टायर जाईना.
अडतीसवर ती जाड, धाग्यानं चिरलेली बोटं
घासत घासत आत गेली.
ठरलं. आकडा मी आईला अजून सांगितलेला नाही.

परवा पाणंदीला होते.
शेतातलं पाणी वाटेवर आलेलं, माती जागी झालेली.
चाक जड झालं, पण फिरत राहिलं.
माळढोक दिसला नाही,
तो आता सांगण्यापुरताच उरलाय.
गवतात वारा, लांब कुठंतरी ट्रॅक्टर,
आणि खाली फुस्स.
सराटा.
त्याला स्टील काय नि कार्बन काय.

बांधावर बसून ट्यूब बाहेर काढली.
फोन करून उपयोग नाही, नान्नांना ऐकू येत नाही,
म्हणून चिमट्याचा फोटो पाठवला.
आत चिखल होता, पण वर आभाळाची एक चीर दिसत होती.
उत्तर आलं:
एक बोट अजून बाकी आहे.
आणि लगेच त्याच्याखाली:
दस्तगीरनं शेवटी किती घेतले?