आई बघायची आहे

चाळीस वर्षं वीज मंडळात मीटर तपासले,
म्हणून आधी सील बघायची सवय.

छावणीतल्या दुकानात काचेआड सहा पिल्लं,
डॅशुंड, एकावर एक रचलेली.
दुकानदार म्हणाला, अंकल, कोणतंही उचला,
पेपर तयार आहेत.
म्हटलं, आई बघायची आहे.
तो म्हणाला, आई गावी गेलीय.
जशी काही माहेरी गेली
आणि पोरं इथेच विसरली.
एकाच्या डोळ्यांत चिपडं, पोट नगाऱ्यासारखं.
वय सांगितलं दोन महिने,
दात मात्र अजून हिरड्यांत चाचपडत होते.

दुसरा देवास रस्त्यावर. फार्म हाउस म्हणे.
त्याने फोटो पाठवला: आई, हिरवळ, गुलाबी रिबन.
तीच आई, तीच रिबन
भाच्याला मागच्या वर्षी सुरतेहून आली होती.
फाटकाच्या आत त्याने घेतलं नाही.
भिंतीपलीकडून भुंकणं येत होतं,
मध्ये श्वास न घेता.
मी रीडिंग न घेताच परतलो.

तिसऱ्या रविवारी महूला,
मंदाकिनी पागे यांच्याकडे.
(कुणी पूर्वज घोडे राखत असणार.)
म्हटलं, आई बघायची आहे.
त्या म्हणाल्या, आधी मला तुम्हाला बघू द्या.

चहा आला, मागोमाग प्रश्न.
दुपारी घरी कोण असतं? मी.
रात्री? मीच.
पायऱ्या किती? दोन. रामबाग, तळमजला.
सकाळच्या पोह्यांतला घास द्याल?
खोटं कशाला बोला. म्हटलं, हात थरथरतो,
सांडेल एखादा.
रंगपंचमीला गेर निघते, एवढे ढोल, कुठे ठेवाल?
मधल्या खोलीत, रेडिओ लावून.
ही तिथेच बसायची, हिला तो आवाज सोसत नसे.
ही कोण, ते त्यांनी विचारलं नाही.
वहीत काहीतरी लिहिलं.
मग, वय?
पिल्लाचं?
तुमचं.
एकाहत्तर.
हे कुत्रं पंधरा वर्षं जगतं, त्या म्हणाल्या,
आणि पेन थांबलं.

वजाबाकी सोपी होती. मी ती कधी मांडली नव्हती.
लेक बंगळूरला, तिच्या सोसायटीत
भाडेकरूंना जनावर चालत नाही.

पिल्लू नाही देणार. राग मानू नका.
मानला. चहा अर्धा ठेवला.
समोर फाइली: पाठीचे एक्स-रे, डोळ्यांचे दाखले,
कोण कुठे गेलं, कोण परत आलं.
परत आलेले तीन. पुढे कारणं:
बदली. घटस्फोट. कंटाळा.

उठलो तेव्हा पलंगाखालून ती निघाली.
लांब पाठ, तोंडावर पांढरं, आचळं सैल,
सात वर्षांची, तीन वेतांनंतर निवृत्त.
बुटाचा वास घेतला, मग मोज्याचा,
मग मान वर करून
माझ्या कमरेच्या पट्ट्याकडे बघत राहिली.

तुम्हाला आई बघायची होती ना?
ही.

पैसे नकोत, म्हणाल्या. सही करा.
कागदावर होतं: जमलं नाही
तर परस्पर कुणाला द्यायची नाही,
रस्त्यावर तर नाहीच,
रात्री दोन वाजले तरी इथे आणायची.
आणि मला आणता आलं नाही तर?
तर मी येईन. त्याचा कागद नाही करत.

मी दोनदा वाचलं. सवय.
मग सही केली.

राऊ जाईपर्यंत ती व्हॅनच्या मागच्या काचेतून
आलो तिकडेच बघत होती.
मी तिला बघू दिलं.
नाव विचारायचं राहून गेलं होतं.
फोन केला तर म्हणाल्या, बिल्ल्यावर कोरलंय,
आणि तुमचा चष्मा इथे टेबलावर राहिलाय.

म्हणून मग रामबागेपर्यंत
नुसतं अगं म्हणत आणलं तिला.