पाच लिटरला एक झाकण

पावसाळाभर कॅनमध्ये पडून होतं पेट्रोल.
कार्तिकात दोरी ओढली तर सातव्या झटक्याला
मोटर जागी झाली, खोकली,
आणि नावेला ओढू लागली
चिखलणीच्या शेवटच्या दिवसाच्या हेल्यासारखी.

हँडल पूर्ण पिळलं तरी तेच.
पलीकडच्या काठाला पंचवीस मिनिटं,
आधी अकरा लागायची.
लसीचा डबा मांडीवर घेतलेल्या सिस्टर
घड्याळाकडे नाही, माझ्याकडे बघायच्या.

बा म्हणाला, "वल्ही हायेत ना अजून."
तो हे दर दोन महिन्यांनी म्हणतो,
मोटर ठणठणीत असली तरी.

पवनीला, ताजनेच्या दुकानात,
मी मोटरीचा आवाज तोंडानं काढून दाखवला.
त्यानं दोनदा काढायला लावला.
"पेट्रोलनं पाणी पेलं बावा.
आजकालचं पेट्रोल हवेतलं पाणी पेते,
आन् तुही नाव तर पाण्यातच रायते."
तळहाताएवढी बाटली. चारशे वीस रुपये.
आकडा ऐकून मागचं गिऱ्हाईक हसलं.
"पाच लिटरले एक झाकण. जास्त नोको टाकू,
औषध हाय, रस्सा नाही."

जुनं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतलं.
रात्रभरात तळाशी पाणी वेगळं झालं,
बोटभर, गढूळ,
आमच्याच धरणाचं असल्यासारखं.
कार्बोरेटरच्या वाटीत डिंक निघाला,
बाभळीला फुटतो तसाच, पिवळा, चिकट.
वच्छलाच्या जुन्या ब्रशनं घासला.
नवं पेट्रोल, ऑइल, झाकण.
नाव खुंट्याला बांधून पंधरा मिनिटं नुसती चालवली.
मग बंद. औषध मुरू दे, ताजने म्हणाला होता,
लोणच्याबद्दल बोलावं तसं.

सकाळी तिसऱ्या झटक्याला
पांढऱ्या धुराचा एवढा मोठा लोट निघाला
की बगळे उठले
आणि बा धोतर सावरत काठावर आला.
धूर विरला. आवाज एकसंध झाला,
चक्की दाणे मागते तसा.
हँडल पिळलं, नावेनं नाक वर केलं.

त्या दिवशी दहा मिनिटांत पोचलो.
सिस्टर हसल्या. मास्तरांची टोपी उडाली.
कौतिकाबाई तेवढ्या उतरेनात.
नावेच्या काठाला धरून बसलेल्या,
तोंड मागे, पाण्याकडे.
"हळू ना गा बापू," त्या म्हणाल्या,
"माह्यं घर निंगून गेलं."

मला आधी कळलंच नाही.
मग कळलं.
वाटेत मधोमध जुनं गाव आहे, पाण्याखाली.
पाण्याची टाकीसुद्धा पाण्यातच,
उन्हाळ्यात तिचा जिना तेवढा वर येतो, चार पायऱ्या.
महिनाभर मोटर रडतखडत चालली तेव्हा
लोक बोट दाखवत बसायचे:
इथं राईस मिल, हा नंदलालचा गोठा,
इथून डावीकडे गेलं की बोडी.
कुणाचं तरी भांडणही झालं होतं एकदा,
चावडी नेमकी कुठल्या लाटेखाली यावरून.
मी समजत होतो, वेळ जात नाही म्हणून बोलतात.

माणसालाही असं एक झाकण हवं होतं वगैरे
मी म्हणणार नाही.
मोटर मोटर आहे. साफ झाली, चालली.

आता टाकीच्या जिन्यापाशी आलो
की मी हँडल सैल सोडतो.
कुणी काही विचारत नाही.
सिस्टर घड्याळ बघतात, मग त्याही बघतात पाण्यात.
दोन मिनिटं मोटर पुटपुटते,
कौतिकाबाईंचे ओठ हलतात,
मग पुन्हा पिळतो.

काठावर बसलेल्या बाला
तो पडलेला आवाज ऐकू येतो.
संध्याकाळी जाळं विणता विणता विचारतो,
"मधात दम सोडते का अजून?"
"सोडते थोडा."
बाचा चेहरा उजळतो.
"वल्ही हायेत ना," तो म्हणतो.