रकाना सात

अकरा वर्षं मी महाप्याच्या कंपनीत
लोकांचे विम्याचे फॉर्म तपासते.
रकाना सात : नाते.
पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील,
सासू, सासरे. संपलं.
खाडाखोड चालत नाही.
शिपाई घोण्यांचा सासरा मला तोंडपाठ आहे :
जन्मतारीख, साखर, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन.
बघितला नाही कधी.

मोरेश्वरचा घटस्फोट ठाण्याच्या कोर्टात
सात वर्षं तारखा खातोय.
त्याची कंपनी चालू होती तेव्हा
त्याच्या कार्डावर उरणची सुनंदा होती.
चाळिशीतच आलेल्या तिच्या मोतीबिंदूचा क्लेम
मीच भरला, कोपरखैरण्याच्या आमच्या टेबलावर,
कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत.
नाते : पत्नी. खरंच होतं ते.
तिला दिसायला लागलं, बरं झालं.
कोर्टाच्या पायऱ्यांवर आता ती मला लांबूनच ओळखते.

भाषेत तसं कमी काय आहे?
आतेसासू आहे, मावसदीर आहे,
साडू, व्याही, विहीण,
चुलतसासऱ्याच्या मेहुण्यालाही हाक मारता येते.
सहा वर्षं एका सिलेंडरवर शिजवतोय,
त्याच्या पोरीच्या वेण्या घालतेय,
त्याला म्हणतात लिव्ह-इन.
म्हणजे आत राहणं.
पाल पण आत राहते.

हेड ऑफिसला तीन पत्रं लिहिली.
तिसऱ्याला उत्तर आलं :
आपल्या भावना आम्ही समजू शकतो.
भावनांचा रकाना मी मागितला नव्हता.

मग चैत्रालीचं पोट दुखलं.
गुरुवार, रात्रीचे साडेदहा. आधी वाटलं, पाणीपुरी.
मोरेश्वर खोपोलीच्या पुढे, टेम्पोत कोणाचे तरी फ्रीज.
वाशीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी फोनवर
बापाचा होकार घेतला, स्पीकर लावून.
मागे कुठल्यातरी ट्रकचा हॉर्न.
मी तिचा पाय धरून बसले होते,
पायात मोजा एकच.

विम्याच्या खिडकीतला मुलगा माझं कार्ड बघून खूश झाला.
"पाच लाख आहेत मॅडम, कॅशलेस होऊन जाईल.
मुलगी ना तुमची?"
हो म्हणायला किती वेळ लागतो?
पण खोटं लिहू नका, पुढे क्लेम अडकतो,
असं ज्यांना ज्यांना मी सांगितलं होतं
ते सगळे त्या रात्री रांगेत माझ्यामागे उभे होते,
घोणे सगळ्यात पुढे.
"मुलगी आहे," म्हटलं, "कार्डावर नाही."
"म्हणजे?"
म्हणजे रात्री कार्ड घासलं, सकाळी एफडी मोडली.
ब्याण्णव हजार चारशे.
बाथरूमच्या गळतीसाठी ठेवले होते.
गळू दे.

पावणेतीनला नर्स बाहेर आली.
चिपळूणकडची असावी, हेल तसा होता.
हातात कागद नव्हता.
"चैत्राली भोईरचं घरचं कोण हाय?"
मी उठले.
बाकावर आणखी चौघं होती,
कोणी हरकत घेतली नाही.

शुद्धीवर येताना ती म्हणाली,
"सुलू, माझा दुसरा मोजा?"

सोमवारी प्रॉडक्शनचा नवा पोरगा आला,
रकाना सातवर पेन टेकवून उभा.
"मॅडम, आमचं अजून लग्न... म्हणजे करणारच नाही आहोत.
आणि तिला एक मुलगा आहे."
शाईचा ठिपका पसरत चालला होता.
खाडाखोड चालत नाही, हे सांगायला हवं होतं.
मी त्याच्यासाठी खुर्ची ओढली.
"बस," म्हटलं. "केवढा आहे मुलगा?"