खिळे

इंडियानातल्या आमच्या गावात
लायोश बोड्नार जोडे दुरुस्त करायचा.
हंगेरीचा, कॅथलिक,
गुरुवारी दिवेलागणीलाच कडी लावून घेणारा.

गुरुवारी ते निघायचे,
मशाली घेऊन, मेन स्ट्रीटवरून,
डोक्यापासून घोट्यापर्यंत पांढरे.
घोट्याखाली मात्र
त्यांना काही सुचलं नव्हतं.

लायोश पडद्याच्या फटीतून
चेहऱ्यांकडे बघतच नव्हता.
डावी टाच बाहेरून झिजलेली : बँकेतला कॅशियर.
पिवळा दोरा, दुहेरी टाका : दातांचा डॉक्टर.
तीन खिळे, मधला वाकडा, मार्चमध्ये मीच ठोकलेला :
पैसे अजून यायचेत.

हे सगळं हिशेबाच्या वहीत उतरवून
वही त्यानं हल्डा क्राउसेबाईंना दिली.
त्यांचं साप्ताहिक तोवर छापायचं
डुकरांचे भाव, चर्चच्या जेवणावळी.
बाई म्हणाल्या,
जोड्यावरून माणूस छापता येत नाही.

मग सहा आठवडे हिंडल्या.
पांढऱ्या कापडाची ठोक बिलं, वर्गणीच्या पावत्या,
एका बायकोचं रडणं,
जे त्यांनी लिहून घेतलं नाही.
एकशे बारांतली एकोणसत्तर नावं उरली.
बाकीची त्यांनी स्वतःच खोडली,
त्यात त्यांना न आवडणारे बरेच होते.

मी खिळे जुळवायची. वय सतरा.
गावाचं पितळ उघडं पाडायला
आमच्याकडे शिसंच होतं, तेही झिजलेलं.
खिळ्यात नाव उलटं असतं,
बोटांना सवय वाचण्याआधी उचलायची.
म्हणून मधल्या रकान्यात
पाचवं अक्षर बसल्यावर कळलं,
हे आमचं आडनाव.

बाई म्हणाल्या, तू घरी जा, मी पुरं करते.
मी म्हटलं, तुमचं चुकेल.
मॅलेटच्या शेवटी टी दोन असतात.

शुक्रवारी न्याहारीला बापानं अंक उघडला.
बोट नावानावावरून खाली आलं,
एका जागी थांबलं, परत निघालं,
पार शेवटच्या नावापर्यंत.
मग म्हणाला, मीठ दे.

पुढच्या गुरुवारी निम्मेच आले.
सगळ्यांच्या पायांत कोरे रबरी बूट, एकाच मापाचे;
काहींना सैल, काहींना चावणारे.
मशाली तेवढ्याच उंच.
रात्रीतून बाईंच्या जाहिराती गेल्या,
लायोशच्या दुकानाची काच गेली.

बापाचे जुने जोडे खाटेखाली राहिले.
रविवारी सवयीनं पॉलिशला घेतले,
उजवा उलटा करून पाहिला.
तीन खिळे.
मधल्यावरून बोट फिरवलं.

सोमवारी चाळीस सेंट घेऊन गेले.
काचेच्या जागी पुठ्ठा होता,
आत अंधार, चामड्याचा वास.
कुणाचे, असं लायोशनं विचारलं नाही.
मोजून घेतले.