कोरडं

पाच पावलं लांब, साडेतीन रुंद,
पोर्तुच्या उतरत्या गल्लीत एवढंच माझं अंगण.
एक लिंबाचं झाड, कोबीचे चार उंच दांडे,
कपड्यांची तार,
आणि कोपऱ्यात, मोडीत काढलेल्या दुहेरी पलंगाच्या
फळ्यांची पेटी.
तिला झाकण नाही. पोतं आहे.

जानेवारीभर आदेरितोची कमेलिया
भिंतीवरून माझ्याकडे गळते.
पाकळी-पाकळी नाही. अख्खं फूल, धप्प,
वरच्या मजल्यावर कुणी बूट काढून टाकावा तसं.
एकदा मी तक्रार केली होती. लेखी.
दारखालून सरकवली.
तेव्हापासून तो भिंतीच्या त्या बाजूला खोकतो,
मी या बाजूला झाडते,
आणि झाडलेलं पेटीत घालते.

फेब्रुवारीत बिघडलं.
पाऊस थांबेना. नदीवरचं धुकं
जिने चढून दारापर्यंत येई.
फुलांचा काळा लगदा झाला,
वास असा की पाववाल्यानं नाक मुरडलं.
आत हात घातला तर गार,
विझून आठवडा झालेल्या चुलीसारखा.
बहीण फोनवर म्हणाली, "ओलं फार झालंय, एर्मेलिंदा,
कोरडं घाल काहीतरी."
कोरडं! या गावात, या महिन्यात
माझ्या तोंडाशिवाय कोरडं काय आहे?

मग भिंतीवर एक पिशवी उगवली.
आधी तिचे कान, मागून पोट.
"जुने कागद आहेत. हातानं फाडलेत.
वास माझ्याकडेही येतो."
तीन वर्षांत एवढंच बोलला.

थर लावत गेले. कोबीची पानं, कागद,
कॉफीचा चोथा, कागद, फुलं, कागद.
विजेची बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या,
बंद पडलेल्या एस्कुदोंमधले हिशेब,
एका तुकड्यावर कुणाचं तरी "लवकर ये",
आणि एकावर, निळ्या शाईत,
"आपली फुलं माझ्या"

शेपटी लांब ओढायची खोड माझीच.
कागद घडीवर झिजलेला,
पुन्हा पुन्हा उघडून मिटलेला नकाशा झिजतो तसा.
बाकी सगळं फाडलं होतं. हा घडीवरच सुटला होता.

मी तो चष्म्याजवळ धरला,
मग मधोमध घातला, जिथे ऊब धरते,
आणि वर पोतं ओढलं.

पाचव्या दिवशी पोतं उचललं तर वाफ.
चष्मा पांढरा. कुणाचं तरी मांजर
उबेवरून उठायला तयार नाही.

जूनमध्ये, साओ जोआओची जत्रा आठवड्यावर आली,
तुळशीच्या कुंड्या भरायच्या होत्या म्हणून चाळलं.
काळं, भुरभुरीत, गांडुळांनी गजबजलेलं.
कागद कुठेच नाही. शाई नाही.
चाळणीत वर राहिलं ते इतकंच:
अंड्याची टरफलं, लिंबाच्या दोन बिया,
आणि कागदाच्या गंजक्या पिना, सात.

एक बादली भरून भिंतीवर ठेवली.
"कमेलियाला घाला."
तो बराच वेळ बादलीत बघत होता.
चिमूट उचलली, वास घेतला.
"म्हणजे आणखी फुलं पडणार," म्हणाला.

मी चाळणी आपटत राहिले,
रिकामी झाली होती तरी.